अ‍ॅक्सोलॉटलचं खाणं आणि गारवा: पुण्याच्या बाजारात काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

एप्रिल उजाडला की पुण्यातले अ‍ॅक्सोलॉटल (कल्ले असलेले, पाण्यातच राहणारे उभयचर) खाणं सोडतात आणि पाळणारे खाद्याचे डबे बदलायला लागतात. दुकानदारही हसतमुखानं नवा डबा पुढे करतो, कारण डबा विकणं सोपं आणि चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) विकणं अवघड. दोष मात्र बहुतेक वेळा डब्यात नसतो, पाण्यात असतो. खोलीत ३२ अंश आणि टँकमध्ये २८, अशा पाण्यात कुठलंही खाद्य या प्राण्याला गोड लागत नाही.

हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या तळ्या-कालव्यांतला. समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून जास्त उंची, त्यामुळे पाणी गारच. पाळीव अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम, २० पर्यंत ठीक. २२ च्या पुढे ताण सुरू होतो. २४ च्या वर काही दिवस काढले की भूक जाते, पोटातलं अन्न पचत नाही आणि कल्ल्यांवर बुरशी धरते. म्हणून खाद्याचं परीक्षण करताना गारव्याच्या सामानाला वगळून चालत नाही. आमचा क्रम सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिला पैसा चिलरवर, दुसरा पाणी तपासायच्या टेस्ट किटवर, मग गांडुळं. पेलेटचा (खाद्याच्या तयार गोळ्यांचा) डबा शेवटी, तोही अडीअडचणीला.

गांडूळ: पहिली पसंती, पण कुठलं ते बघून

मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलसाठी गांडुळासारखं खाद्य नाही. प्रथिनं भरपूर, चरबी कमी, आणि हलत असल्यानं प्राणी स्वतःहून झडप घालतो. पुण्यात ती मिळवायलाही फार वणवण करावी लागत नाही. गांडूळखत प्रकल्पाला महापालिका मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे कितीतरी सोसायट्यांच्या मागच्या अंगाला खताचे हौद आहेत. नर्सऱ्या आणि गांडूळखत करणारे शेतकरी गांडुळं किलोवर देतात.

घोळ इथेच होतो. खताच्या हौदात बहुधा दोन जाती असतात आणि विकणारा दोन्हींना नुसतं ‘गांडूळ’ म्हणतो. पहिली आयसेनिया फेटिडा: बारीक, लालसर, अंगावर पिवळट पट्टे. चिमटीत धरलं की अंगातून उग्र वासाचा पिवळा चिकट स्राव सोडते. हा तिचा बचाव आहे, आणि तो अ‍ॅक्सोलॉटलवर चांगलाच चालतो. तुकडा तोंडासमोर हलवला की प्राणी डोकं वळवतो, ‘टप्’ करून पाण्यासकट आत ओढतो, क्षणभर थबकतो, कल्ले दोनदा झटकतो आणि तुकडा बाहेर फेकतो. पुन्हा दिला की नुसतं तोंड फिरवतो. काही प्राणी त्यानंतर त्या संध्याकाळी चिमट्याकडेच बघत नाहीत, आणि मालकाला वाटतं की आजारी पडला.

दुसरी जात युड्रिलस युजेनी, विकणारे हिला ‘आफ्रिकन’ म्हणतात. जाड, लांब, जांभळट करड्या झाकेची आणि हातात धरवत नाही इतकी चपळ. कडवटपणा फारसा नाही. मागायची ती हीच. एक लक्षात ठेवा, ही उष्ण प्रदेशातली असल्यानं १७ अंशाच्या पाण्यात लवकर मरते. खाऊन न संपलेला तुकडा टँकमध्ये राहिला तर रात्रीतून सडतो आणि सकाळी अमोनिया दिसतो.

फक्त लाल पट्टेवालीच मिळत असेल तर फेकून देऊ नका. वाफाळत्या (उकळत्या नव्हे) पाण्यात १५ ते २० सेकंद बुडवा, गार पाण्यात धुवा, मग कापा. आधी कापून मग धुतलं तर स्राव सगळ्या तुकड्यांना लागतो आणि केलेली मेहनत वाया जाते. ही युक्ती बऱ्याच प्राण्यांवर चालते, सगळ्यांवर नाही.

आणल्याबरोबर गांडूळ टँकमध्ये टाकायचं नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर कोकोपीटवर २४ तास ठेवा, म्हणजे पोटातली माती आणि खत बाहेर पडतं. मग साध्या पाण्यात धुऊन द्या. बागेतली, कुंड्यांतली किंवा पहिल्या पावसात रस्त्यावर आलेली गांडुळं घेऊ नका. सोसायटीच्या लॉनवर माळी काय फवारतो ते आपल्याला माहीत नसतं, आणि उभयचराची कातडी आणि पोट दोन्ही कीटकनाशकाला फार नाजूक.

तुकडा केवढा हवा? प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. अ‍ॅक्सोलॉटलचे दात नावापुरते, तो चावत नाही, ओढून गिळतो. वीस सेंटिमीटरच्या मोठ्या प्राण्याला अख्खं मध्यम गांडूळ चालतं. दहा-बारा सेंटिमीटरच्या पिल्लाला दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे द्या. १५ सेंटिमीटर होईपर्यंत रोज, त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन गांडुळं पुरतात. वजनकाटा लागत नाही, वरून बघा: पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीएवढी असावी. पोट डोक्यापेक्षा रुंद झालं तर एक खेप वगळा, पोट आत गेलं असेल तर वाढवा. पुण्यात उपाशी अ‍ॅक्सोलॉटलपेक्षा लठ्ठ जास्त दिसतात. तोंड उघडून हसल्यासारखा बघतो म्हणून घरातला प्रत्येक जण येता-जाता एक तुकडा देतो.

गांडुळं घरी वाढवणं अगदीच सोपं आहे आणि वर्षभराचा प्रश्न मिटतो. वीस-पंचवीस लिटरचा प्लास्टिकचा क्रेट, तळाला आणि बाजूंना भोकं, निम्म्यापर्यंत ओलसर कोकोपीट आणि फाडलेले वर्तमानपत्राचे कागद, त्यात अर्धा किलो गांडुळं. मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंबच पडावा इतकाच ओलावा. भाजीची देठं, सालं थोडी थोडी पुरायची. लिंबू-संत्र्याची सालं, कांदा, मिरची, फोडणीचं किंवा मिठाचं काही नको. क्रेट गच्चीवर ठेवू नका, मेच्या उन्हात एका दुपारीत सगळी मरतात. बाथरूमबाहेरचा सावलीचा कोपरा उत्तम. पहिले दोन-तीन महिने त्यातून काढू नका, वाढू द्या.

गोठवलेले ब्लडवर्म

ब्लडवर्म म्हणजे चिलटासारख्या माशीच्या लाल अळ्या. पिल्लांसाठी चांगले, मोठ्यांसाठी खाऊ. पाच-सात सेंटिमीटरच्या पिल्लाला गांडुळाच्या बारीक तुकड्यांबरोबर ब्लडवर्म द्यायला हरकत नाही. मोठ्या प्राण्याला फक्त यावर ठेवलं तर पोट भरल्यासारखं दिसतं पण अंग धरत नाही, कारण गोठवलेल्या वडीत बहुतांश पाणीच असतं.

पुण्यात यातला मुख्य धोका शीतसाखळीचा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं सवयीचं, आणि छोट्या दुकानाच्या फ्रीजरला जनरेटर असेलच असं नाही. पाकीट घेताना उजेडात धरून बघा. वड्यांच्या कडा धारदार आणि प्रत्येक खण वेगळा हवा. खणाच्या तळाशी गडद लाल रस गोठलेला असेल, वड्या एकमेकींना चिकटल्या असतील किंवा आत बर्फाची भुकटी असेल, तर ते वितळून परत गोठलेलं आहे. तसं पाकीट फुकट दिलं तरी घेऊ नका. घरी आणताना थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीसोबत.

द्यायची पद्धत: वडी थेट टँकमध्ये टाकू नका. वाटीभर टँकचंच पाणी घ्या, वडी वितळू द्या, चहाच्या गाळणीत ओता, लाल पाणी सिंकमध्ये जाऊ द्या. गाळणीतल्या अळ्या एका उथळ काचेच्या वाटीत घालून वाटी टँकच्या तळाशी ठेवा. प्राणी दोन-तीन वेळात वाटी ओळखायला लागतो आणि साफसफाई निम्म्यानं कमी होते. हातमोजे घाला. या अळ्यांतल्या हिमोग्लोबिनची काहींना ॲलर्जी असते, हात खाजणं, डोळे सुजणं, शिंका. दमेकऱ्यांनी तर नक्कीच जपावं.

पेलेट

बाजारात ‘अ‍ॅक्सोलॉटल पेलेट’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं साधं कासवाचं किंवा शोभेच्या माशांचं खाद्य नव्या लेबलात असतं. लेबल उलटून घटकांची यादी वाचा. पहिल्या दोन-तीन शब्दांत फिशमील, क्रिल, स्क्विड असं काही असावं. गहू किंवा सोयापेंड पहिल्या नंबरवर असेल तर परत ठेवा. प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर हवीत. तरंगणारं खाद्य या प्राण्यासाठी बाद, कारण तो वर येऊन खाताना हवा गिळतो आणि मग पोट वर करून तरंगतो. बुडणारंच घ्या. हिकारीचे सिंकिंग कार्निव्होर पेलेट जगभरात यासाठी वापरले जातात, आणि आमच्याही मते डबाबंद खाद्यात ते उजवे. गोळी जाड आहे, त्यामुळे पिल्लांना नाही, १५ सेंटिमीटरपुढच्यांनाच.

डबा नवा असला तरी एक चाचणी करा. ग्लासभर पाण्यात दोन गोळ्या टाका. लगेच तळाशी जायला हव्यात, दहा-पंधरा मिनिटांत बोटानं दाबल्या जातील इतक्या मऊ, पण विरघळून पीठ नको. पाणी पाच मिनिटांत गढूळ झालं तर ते खाद्य टँकच्या फिल्टरला खाद्य आहे, प्राण्याला नव्हे.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडा डबा पापडासारखा सादळतो आणि बुरशी धरतो. सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, तीन महिन्यांत संपवा. मोठा डबा स्वस्त पडतो हा हिशेब एका प्राण्याला लागू होत नाही. एक प्राणी आठवड्याला आठ-दहा गोळ्यांच्या पुढे जात नाही.

सुटीत गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाणं सोपवायचं असेल तर पेलेट खरंच कामाचे. मात्र मोजून पुड्या बांधून द्या, डबा देऊ नका. आणि आठवड्यापेक्षा कमी दिवसांसाठी जात असाल तर काहीच देऊ नका म्हणून सांगा. धडधाकट मोठा अ‍ॅक्सोलॉटल गार पाण्यात आठवडाभर न खाता सहज राहतो, जास्त खाऊ घालणारे काका मात्र पाणी दोन दिवसांत नासवतात.

दुकानातच ठेवायचं खाद्य

जिवंत ट्युबिफेक्स (चिखलातले बारीक लाल कृमी): सांडपाण्याच्या नाल्यांतून येतात. किती धुतले तरी आतली घाण जात नाही. सुकवलेल्या ट्युबिफेक्सच्या वड्या पोटात फुगतात.

गोल्डफिश किंवा ‘फीडर’ मासे: गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. परजीवीही सोबत येतात, आणि रात्री मासेच अ‍ॅक्सोलॉटलचे कल्ले कुरतडतात.

मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या): वरचं कवच पचत नाही. चिकन, मटण, खिमा: सस्तन प्राण्यांची आणि कोंबडीची चरबी या थंड पोटाला झेपत नाही. सोललेली ताजी कोळंबी महिन्यातून एक-दोनदा, बिनमिठाची, छोटा तुकडा, इतकंच.

नुकत्याच फुटलेल्या पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिले काही आठवडे हलणारंच खाद्य लागतं आणि त्यासाठी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीची) अंडी घ्यावी लागतात. लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, सतत हवा, २६ ते २८ अंश, साधारण २४ ते ३६ तासांत पिल्लं. इथे तरी पुण्याचा उन्हाळा उपयोगी पडतो. बारीक गाळणीत गोड्या पाण्यानं धुऊनच द्या, दिवसातून दोनदा. आणि पिल्लं एकत्र असतील तर पोट रिकामं ठेवू नका, भुकेली भावंडं एकमेकांचे पाय तोडतात.

गारवा: पंखा, बाटल्या, पेल्टियर, चिलर

टँकवर लावायचा छोटा पंखा बाष्पीभवनानं पाणी गार करतो. हवा कोरडी असेल तर तीन-चार अंशांचा फरक पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा पुण्यातल्या खोल्या मुळात २२-२४ अंशांवर असतात, तेव्हा एवढ्यानं भागतं. एप्रिल-मेमध्ये ३२ वरून २८ होतं, जे पुरेसं नाही. पावसाळ्यात हवा दमट असल्यानं पंखा जवळपास निकामी. शिवाय पाणी रोज उडतं आणि मागे क्षार साठत जातात. उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या पाण्यानं घाला. अ‍ॅक्सोलॉटलच्या टँकमध्ये घरच्या आरओ प्युरिफायरचा उपयोग असेल तर एवढाच. पूर्ण टँक आरओच्या पाण्यानं भरायचा नाही, त्यात या प्राण्याला लागणारे क्षारच नसतात.

बर्फाच्या बाटल्यांचा हिशेब करून बघा. एक लिटर बर्फ वितळून १८ अंशाला यायला साधारण १०० किलोकॅलरी उष्णता घेतो. म्हणजे १०० लिटरचा टँक एका बाटलीनं जेमतेम एक अंश गार होतो, आणि खोली ३२ अंशांवर असेल तर तो अंश बघता बघता परत येतो. दिवसभर बाटल्या फिरवत बसलं तरी तापमान वर-खाली होत राहतं, आणि या प्राण्याला उष्णतेइतकाच हा झोकाही बाधतो. बाटल्या वीज गेल्यावर वापरायच्या, रोजच्या कामाला नाही.

ऑनलाइन मिळणारे छोटे पेल्टियर कूलर (कॉम्प्रेसरशिवाय विजेनं गार करणारे) दिसायला छान, पण २०-३० लिटरच्या पुढे त्यांचा जीव नाही. एका मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलला किमान ७५ लिटर आणि शक्यतो १०० लिटरहून मोठा टँक लागतो, त्यामुळे त्यांचा विचारच सोडा.

उरतो तो कॉम्प्रेसरचा चिलर. किंमत प्राण्याच्या किमतीच्या कित्येक पट आहे, आणि म्हणूनच लोक तो ‘पुढच्या उन्हाळ्यात’ घेतात. घेताना पुढच्या गोष्टी बघा. पाटीवर लिहिलेली टँकची क्षमता बहुधा खोलीपेक्षा काही अंशच पाणी गार करायचं धरून असते. पुण्याला मेमध्ये ३२ वरून १८, म्हणजे १४ अंशांचा फरक लागतो. म्हणून १०० लिटरला पुरेल असं लिहिलेलं मॉडेल १०० लिटरला घेऊ नका, त्याच्या वरचं घ्या. एक दशांश अश्वशक्तीचा चिलर शे-सव्वाशे लिटरच्या टँकला साधारण झेपतो, त्याहून मोठ्या टँकला पुढचं माप.

चिलर पाण्यातली उष्णता बाहेर फेकतो, ती खोलीतच जाते. टँकच्या खालच्या बंद कपाटात ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा ओढतो, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बिल वाढतं. चारही बाजूंना मोकळी जागा, पाठ भिंतीपासून वीतभर लांब. जाळीवरची धूळ दर महिन्याला ब्रशनं काढा. रस्त्याकडेच्या घरांत आणि मेट्रो किंवा इमारतीच्या बांधकामाजवळ राहत असाल तर पंधरा दिवसांनी. वीज किती? दीडशे वॅटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर १.८ युनिट, महिन्याला ५४. पाटीवरचे वॅट बघून आपला हिशेब करा.

चिलरला पाण्याचा ठराविक प्रवाह लागतो आणि तो अ‍ॅक्सोलॉटलला सोसत नाही. परतीचं पाणी थेट टँकमध्ये सोडलं तर प्राण्याचे कल्ले पुढच्या बाजूला वळतात आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं होतं. ही प्रवाहाच्या त्रासाची खूण आहे. परतीच्या नळीला भोकांची आडवी दांडी लावा आणि भोकं काचेकडे वळवा. बस्स. आधीपासून गरम असलेला टँक एकदम खाली आणू नका, तासाला एका अंशापेक्षा जास्त नको. नवा टँक असेल तर उलट करा: फिल्टरचं सायकलिंग (अमोनिया मोडणारे उपयोगी जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं) आधी खोलीच्या तापमानावर पूर्ण होऊ द्या, कारण उपयोगी जिवाणू गार पाण्यात फार हळू वाढतात. अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागले की मग चिलर सुरू करा आणि मग प्राणी आणा. याला सहा-आठ आठवडे सहज लागतात.

वीज गेली तर? घरच्या इन्व्हर्टरवर हवेचा पंप घ्या, त्याला जेमतेम चार-पाच वॅट लागतात. चिलरही इन्व्हर्टरवर चालवायचा तर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका इन्व्हर्टर सोसतो का ते इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. टँकच्या तिन्ही बाजूंना थर्मोकोल लावलेलं असेल तर दोन-तीन तासांत फार बिघडत नाही.

टेस्ट किट आणि नळाचं पाणी

कागदी पट्ट्या स्वस्त आहेत, पण त्यातल्या बहुतेकांत अमोनियाच नसतो, आणि आपल्याला आधी तोच हवा. एपीआयचा फ्रेशवॉटर मास्टर किट घ्या. पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट सगळं त्यात आहे, पाण्याचा कठीणपणा मोजायचं मात्र वेगळं घ्यावं लागतं. अमोनियासाठी पाच मिलिलिटर पाण्यात दोन्ही बाटल्यांतले आठ-आठ थेंब, हलवा, पाच मिनिटं थांबा. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतला द्रव तळाशी बसतो. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर नायट्रेट कायम कमी दिसतो आणि आपण खुशीत राहतो. थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर हलवायची. बाटल्यांवरची मुदत बघून घ्या, दुकानात जुना माल पडून असतो.

आकडे असे हवेत: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा कमी, पीएच ७.४ ते ७.६ उत्तम, ६.५ ते ८ पर्यंत निभतं. उन्हाळ्यात अमोनिया जास्त घातक का होतो? पीएच ८ असताना २० अंशांना एकूण अमोनियापैकी ४ टक्क्यांहून थोडा कमी भाग विषारी रूपात असतो. २८ अंशांना तोच साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. किटमध्ये रंग तोच दिसतो, प्राण्याला चटका मात्र पावणेदोन पट बसतो.

पुण्यात एकाच गल्लीत तीन प्रकारचं पाणी येतं: खडकवासल्याकडून येणारं महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं. धरणाचं पाणी मऊ, बोअरचं क्षारांचं. अ‍ॅक्सोलॉटलला मध्यम कठीण पाणी मानवतं, ७ ते १४ जर्मन अंश (कठीणपणा मोजायचं एकक). सोसायटीला वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर नळाचं पाणी वापरू नका, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. सॉफ्टनरच्या आधीचा नळ शोधा. पाणी फारच मऊ निघालं तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर कोरलचा चुरा ठेवा आणि आठवडाभर पीएच बघत राहा.

गुरुवारी पाणी बंद आणि ‘शुक्रवारी उशिरा कमी दाबाने’ ही सूचना वाचली की बुधवारीच वीस-तीस लिटर पाणी भरून, क्लोरीन काढून ठेवा. बंदनंतर येणारं पहिलं पाणी गढूळ असतं, ते टँकमध्ये नकोच. क्लोरीन काढायला सीकेमचं प्राइम ४० लिटरला एक मिलिलिटर. सोडियम थायोसल्फेटचे साधे अँटी-क्लोरीन थेंबही काम करतात. कोरफड किंवा ‘स्लाइम कोट’ (कातडीवरचा बुळबुळीत थर) वाढवणारं काही मिसळलेलं कंडिशनर मात्र घेऊ नका. दर आठवड्याला २० ते ३० टक्के पाणी बदला, नवं पाणी टँकच्या तापमानाला आणून.

औषधांचं कपाट

दुकानातल्या ‘पांढरे ठिपके’, ‘जनरल टॉनिक’ अशा बाटल्यांत मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मालिन किंवा तांबं असतं. माशाला चालणारा डोस उभयचराच्या उघड्या कातडीतून थेट आत जातो. यातली एकही घेऊ नका. टँकमध्ये कायमचं मीठ टाकायचा सल्लाही ऐकू नका.

कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी आहे. पहिला उपाय औषध नव्हे, टब. दहा-पंधरा लिटरचे दोन स्वच्छ प्लास्टिकचे टब घ्या, साबण कधीही न लागलेले. एकात क्लोरीन काढलेलं, १७-१८ अंशांचं पाणी, त्यात प्राणी, वर भोकाचं झाकण आणि त्यावर गडद कापड. दर २४ तासांनी दुसरा टब भरून प्राणी तिकडे, पहिला रिकामा करून वाळवा. पाणी रोज शंभर टक्के नवं. फ्रीजमधल्या गार पाण्याच्या बाटल्या मिसळून तापमान जुळवा, थर्मामीटर लावूनच. जाळीनं उचलू नका, कल्ले अडकतात. प्लास्टिकच्या डब्यानं पाण्यासकट उचला. सौम्य बुरशी बहुधा एवढ्यानं सुटते. त्याच दिवसांत मुख्य टँकमधला बिघाड शोधा, नाहीतर परत टाकल्यावर तेच.

विष्ठा होत नाही, पोट टणक, प्राणी तरंगतो आणि खाली जाता येत नाही, असं असेल तर टँकमध्ये खडी आहे का बघा. रंगीत खडी सुंदर दिसते म्हणून दुकानदार देतो, आणि खाद्याबरोबर ओढली जाते. डोक्यापेक्षा लहान कुठलाही दगड टँकमध्ये नको. १२-१५ सेंटिमीटर होईपर्यंत तळ उघडाच ठेवा, नंतर एक मिलिमीटरहून बारीक वाळू. खडी गिळलेल्या प्राण्याला फ्रीजमध्ये ठेवायचा जुना उपाय सांगितला जातो. तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका.

डॉक्टरांकडे कधी? पाणी गार आणि आकडे बरोबर असूनही मोठा प्राणी दोन आठवडे खात नसेल, पिल्लू तीन-चार दिवस खात नसेल, अंगावर लाल रेषा किंवा चट्टे असतील, पोट पाण्यानं फुगलं असेल तर लगेच. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात उभयचर बघत नाहीत, म्हणून आजारी पडायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. जाताना पाण्याचे आकडे, आठवड्याचं तापमान, शेवटची विष्ठा एका डबीत, आणि टँकच्या तळाचा फोटो घेऊन जा.

खाऊ घालायचा चिमटा, आणि कागद

चिमटा बोथट टोकाचा घ्या, बांबूचा किंवा सिलिकॉनच्या टोकाचा. टोकदार स्टीलच्या चिमट्यानं झडप घालताना जबडा सोलतो. संध्याकाळी, दिवा मंद करून, तुकडा तोंडाच्या बाजूला हलवा, नाकासमोर टोचू नका. दहा मिनिटांत न खाल्लेलं मोठ्या ड्रॉपरनं काढून टाका.

प्राणी घेताना दुकानातल्या टाकीला हात लावून बघा. पाणी कोमट लागलं, कल्ल्यांचे केस झडलेले असले, किंवा तळाला खडी असली तर तिथून घेऊ नका. खाताना दाखवायला सांगा. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची चारमध्ये अशा प्रजाती येतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश २.०’ पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा पिल्लं झाली तर तेही कळवावं लागतं. दुकानदार पक्की पावती आणि नोंदीचे कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर प्राणी कितीही गोड असला तरी पाकीट खिशातच राहू द्या.